कासवीचा खंड

जुई डोंगरेला फिट आली की आमच्या येरंडगावची कासवी नदी थांबते. फिट संपली की पुन्हा वाहू लागते.

मी पाटबंधारे खात्यात गेज वाचक आहे. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी दिवसातून दोनदा वाचायची आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची, एवढंच माझं काम. त्यामुळे प्रवाहाचा पहिला खंड माझ्याच नोंदीत आहे : बारा ऑक्टोबर, सकाळी अकरा दहा, दोन मिनिटं वीस सेकंद. त्याच वेळी दूध संघाच्या प्रयोगशाळेत जुई खाली कोसळली होती. तिला तिथे नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते. वय बावीस.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडानंतर खात्याने वेळा जुळवून पाहिल्या आणि तिला पत्र पाठवलं. ते घेऊन ती पुलाजवळच्या माझ्या खोलीवर आली.

"रणदिवे काका, हे तुम्ही कळवलंत?"

"नदीचं कळवलं. तुझं दवाखान्याने कळवलं असेल."

"डॉक्टर म्हणाले, एपिलेप्सी आहे, गोळ्या घ्यायच्या, नोकरी करायची, सगळं करायचं. मी आईला म्हटलं, कोणाला सांगायचं नाही. मावशीलासुद्धा नाही." तिने खिडकीतून नदीकडे पाहिलं. "आता ही थांबते आणि सगळ्या गावाला कळतं. भाजीवालीने विचारलं मला, काल सव्वाचारला तूच का गं?"

मी चहा टाकला. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या आठवड्यात उपअभियंता पाठारे साहेब स्वतः आले. जुई आणि तिची आई सुलभाताई समोर बसल्या. साहेबांनी छापील अर्ज पुढे सरकवला.

"प्रवाह खंडित करायचा असल्यास आठ दिवस आधी सूचना द्यावी लागते."

"साहेब, मला आठ सेकंद आधी कळत नाही."

"मग तिथे आठ सेकंद लिहा."

"तेवढंही नक्की नाही. कधीकधी जळक्या रबराचा वास येतो."

"वास किती आधी?"

"आला तर आला."

साहेबांनी 'आला तर आला' असं लिहून घेतलं. मग जुईने आपला अर्ज काढला. दूध संघाचं एक शीतकरण केंद्र वर पठारावर आहे. तिथे नदी नाही, ओढाही नाही, पाणी टँकरने येतं. तिला तिथे बदली हवी होती.

"जा की," साहेब म्हणाले. "पण नदी लाभक्षेत्राबाहेर नेता येणार नाही."

"मी कुठे नेतेय? तिला राहू दे इथेच."

"तसं लेखी द्या."

सुलभाताईंनी तो अर्ज आपल्याकडे ओढला. त्या म्हणाल्या, "अहो, वर हिला काही झालं तर कळणार कसं? इथे निदान नदी तरी सांगते."

"तेच नकोय मला, आई."

गोळ्यांचा गुण आला. जानेवारीत खंड नाही, फेब्रुवारीत एकच, मार्चमध्ये नाही. तरी रविवारी लोक घाटावर येऊन बसत. मी त्यांना हसू शकत नव्हतो, कारण मी रोज तिथेच असे. जे पाहिलं आहे ते पुन्हा पाहावंसं वाटतं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी अधांतरी राहतं, धुतलेल्या चादरीसारखं ताणलेलं. भोवऱ्यातलं पान कलतं आणि कललेलंच राहतं. पोटाची पांढरी बाजू वळवलेला मासा तसाच दिसतो, खवल्याखवल्यानिशी. आणि आवाज जातो. नदीचा आवाज आपण ऐकत होतो, हे तो गेल्यावर कळतं. मग कुठल्या तरी घरातली कुकरची शिट्टी, शाळेतले पाढे, कोणाचं तरी खोकणं, सगळं जवळ येतं. पहिल्या दिवशी मी टोपी काढून उभा होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

माझी पत्नी शोभना गेली त्या दिवशी कासवी दिवसभर वाहत होती. सकाळची आणि संध्याकाळची पातळी मीच लिहिली आहे. फरक एक सेंटिमीटर.

एप्रिलमध्ये बदली मंजूर झाली. नदी इथेच राहील या लेखी हमीवर साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती, म्हणून जुई आणि सुलभाताई घाटावर आल्या. रविवार होता. दहाबारा माणसं पायऱ्यांवर बसली होती. गफूरभाई जाळं दुरुस्त करत होते.

मी सही केली. जुई पाण्याकडे बघत राहिली.

"थांबते तेव्हा कशी दिसते, काका? मी सोडून सगळ्यांनी बघितलीय."

मी सांगितलं. पानाचं, माशाचं, आवाजाचं. तिने नीट ऐकून घेतलं.

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कशी दिसते तेव्हा? प्रयोगशाळेत मी शुद्धीवर आले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. सगळे खिडकीशी. घरी आई असते, पण..."

"मी तुला कुशीवर करते," सुलभाताई म्हणाल्या. "मग बघवत नाही गं. मी पण खिडकीकडेच तोंड करते."

"म्हणजे कोणालाच माहीत नाही."

जुईने नाक ओढलं. "रबर," ती म्हणाली, आणि पायरीवरून घसरली.

मी तिचं डोकं धरलं. सुलभाताईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. गफूरभाई धावत आले आणि त्यांनी चप्पल काढली.

"हुंगवू का?"

"काही हुंगवायचं नाही," सुलभाताई म्हणाल्या. " तोंडात काही घालायचं नाही. ते जाळं गुंडाळून डोक्याखाली द्या."

त्यांनी दिलं. बाकीचे पायऱ्या उतरून भोवती आले. कोणीतरी उन्हाच्या बाजूला छत्री धरली. कुकर, पाढे, खोकला, मला काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने तिची नजर आमच्यावर टेकली.

"थांबली होती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गफूरभाईंनी छत्रीवाल्याकडे पाहिलं.

"बेटा, बघितलं नाही," गफूरभाई म्हणाले.

"कोणीच?"

"कोणीच."

"मग काय बघत होता?"

तेव्हा मी तिला सांगितलं. तुझे डोळे उघडे होते आणि फार लांब बघत होते. अंगठे मुठीत आत होते. हात झटके देत होते, आधी भराभर, मग एकेक, मोजता येतील असे. ओठ निळसर झाले. मग एक मोठा श्वास आला आणि आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. मग रंग परत आला, आधी कानांना.

"कानांना नाही, गालाला," सुलभाताई म्हणाल्या. "मी बघत होते."

"दोन्ही," छत्रीवाला म्हणाला.

जुई प्रत्येकाचं ऐकत होती. कोपराला लागलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मग तिने वाकडा झालेला चष्मा चाचपला.

"पुढच्या वेळी हा आधी काढा."

"पुढच्या वेळी?" सुलभाताईंनी विचारलं. "तिकडे वर कोण काढणार?"

"तिकडे नाही. इथे," ती म्हणाली. "आणि झटके एकेक झाले म्हणालात काका, ते किती होते?"

आम्ही मोजू लागलो. गफूरभाई अकरा म्हणाले, सुलभाताई नऊ. नदीकडे आमची पाठ होती. ती तोवर वाहू लागली होती का, ते मला सांगता येणार नाही.