दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

साहेबराव जगतापांना पोरीच्या गादीखाली गाण्यांची रेकॉर्ड सापडली. घरात रेकॉर्ड वाजवायचं मशीन नव्हतं, आणि संशयाला तेवढं पुरेसं होतं. साहेबराव पिंपरीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्यांचे डबे उघडायचे, पिशव्या चाचपायच्या, हे करून करून त्यांची नजर अशी झाली होती की देवळातल्या पुजाऱ्याच्या झोळीकडेही ते एकदा निरखून बघत आणि मगच नमस्कार करत. रेकॉर्डच्या कव्हरवर एक नदी होती, नदीत होडी होती आणि होडीत कुणीच नव्हतं.

"कुणीच न्हाई म्हणजे कुणीतरी असणार," साहेबराव म्हणाले.

"अहो, चित्र आहे ते. भावगीतांची रेकॉर्ड आहे," प्रभावतीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"आपल्याकडं मशीन हाय का? मग ही ठिवली कशाला? आन् दिली कुणी?"

"मैत्रिणीची असेल."

'असेल' म्हणणाऱ्या माणसाला साहेबरावांनी आजवर गेटबाहेर सोडलं नव्हतं. पण बायकोला अडवून ठेवणार कुठे? त्यांनी रेकॉर्ड होती तशी ठेवून दिली आणि मनातल्या मनात पाळत सुरू केली. चऱ्होलीच्या स्थळाकडून होकार येऊ घातला होता. अशात पोरीचं, इंद्रायणीचं, नाव कुणाशी जोडलं गेलं तर सगळंच मुसळ केरात. शिवाय दुसरंही एक दुखणं होतं. शाळेतून आल्या आल्या त्यांच्यापाशी बसून सगळं सांगणारी पोरगी हल्ली काहीही विचारलं की "काही नाही" एवढंच म्हणायची. त्याचं त्यांना फार वाईट वाटे.

रविवारी इंद्रायणी चपटी पिशवी घेऊन निघाली.

"कुठं?"

"दापोडीला. शालनच्या बहिणीचं लग्न आहे."

"मागच्या रविवारी बी शालनच्याच बहिणीचं व्हतं. किती बहिणी हायत तिला?"

"आहेत," म्हणून ती निघाली. साहेबराव मागच्या बसने गेले.

दापोडीत रुळांच्या कडेच्या गल्लीत मांडव होता. दारात कुणीतरी गुलाबपाणी उडवलं आणि विचारलं, "पाव्हणं, कुणाकडचं?"

"मुलीकडचा," साहेबराव म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. पण तेवढ्यावर त्यांना फेटा बांधला गेला आणि पुढच्या रांगेत मोठ्या माणसांत बसवलं गेलं. तिथून त्यांनी लाउडस्पीकरचा कोपरा हेरला. इंद्रायणी तिथेच उभी होती. मशीनपाशी एखादा झुलपंवाला पोरगा असेल असा त्यांचा कयास होता. पण तिथे तोंडाचं बोळकं झालेले लाउडस्पीकरवाले दत्तोबा खुर्चीत डुलक्या घेत होते. म्हणजे पोरगा अजून यायचा आहे, असं साहेबरावांनी धरलं.

रेकॉर्ड लागली. पहिलं गाणं त्यांनी आरोपीचा जबाब ऐकावा तसं ऐकलं. दुसऱ्याला पाय हलायला लागला. दत्तोबांनी बाजू उलटली तोवर पाळतीचं भान सुटलं होतं. मग त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं. ती डोळे मिटून ओठ हलवत होती. ही कुणी भलतीच बाई आहे आणि आपली वेणीवाली पोरगी कुठेतरी मागे राहून गेली आहे, असं त्यांना वाटलं आणि गलबलून आलं.

एक नवं गाणं सुरू झालं, आवाज जरा चढला, तोच भटजींनी हात वर केला. दत्तोबांनी सुई उचलली आणि इंद्रायणीचा चेहरा पडला. तेवढ्यात गलका झाला. "मामा कुठायत? नवरीच्या मागं मामा पायजे!" मामांची गाडी चुकली होती. मुलीकडचं फेटेवालं मोठं माणूस म्हणून चौघांनी साहेबरावांनाच ढकललं. हातात नारळ घेऊन ते अनोळखी नवरीच्या मागे उभे राहिले आणि समोर लेकीची नजर भिडली. मंगलाष्टका संपेपर्यंत त्यांना मान कुठे वळवावी ते कळेना.

अक्षता पडल्यावर इंद्रायणी जवळ आली. "अप्पा, तुम्ही कुणाकडून?"

"तू कुणाकडून?"

"मी रेकॉर्डकडून."

मग सगळं बाहेर आलं. शाळेत असताना सावकाश सायकल चालवायच्या शर्यतीत ती पहिली आली होती, त्याचं हे बक्षीस. अप्पांनी सायकलला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, म्हणून बक्षीसही लपवलेलं. मशीन फक्त दत्तोबांकडे, आणि दत्तोबा फक्त लग्नात.

"पण अप्पा, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मी अजून पुरतं ऐकलेलं नाही. दरवेळी तिथंच मुहूर्त लागतो."

"मग तेच आधी लावायचं."

"दत्तोबा मध्ये सुई टेकवू देत नाहीत, ओरखडा पडतो म्हणतात. आणि आधीची न ऐकता ऐकलं, तर ते शेवटचं कसं?"

साहेबरावांना हे पटलं. नारळ लेकीच्या पिशवीत टाकून ते तिच्याबरोबर पंगतीला बसले.

चऱ्होलीचा होकार आला आणि पिंपरीतच मांडव पडला. लाउडस्पीकर दत्तोबांचा, रेकॉर्ड साहेबरावांच्या काखेत. शेवटचं गाणं सुरू झालं आणि भटजींनी हात वर केला. साहेबरावांनी गेटवर करतात तसा पंजा आडवा धरला.

"थांबा. गाणं बाहेर पडू द्या."

"अहो, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या."

चऱ्होलीकर कुजबुजायला लागले. मुलगी राजी नाही की काय, असंही कुणी म्हणालं. गाण्यातली होडी सावकाश पैलतीराला लागली तेव्हा साहेबरावांचे डोळे भरले होते. त्यांनी इंद्रायणीकडे पाहिलं. ती ऐकतच नव्हती. मुंडावळ्यांच्या आडून, अंतरपाटाच्या कडेने, ती नवऱ्याकडे बघून हसत होती. पोरगी मोठी झाली हे त्यांना तेव्हा कळलं, आणि गाणं आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलं हेही.

निघताना ती म्हणाली, "रेकॉर्ड राहू दे अप्पा. तिकडंही मशीन नाही."

पुढच्या महिन्यात एका रविवारी प्रभावतीबाईंनी गादी झटकली तर खाली ठेवलेली रेकॉर्ड नव्हती. दारात साहेबराव इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. हातात चपटी पिशवी होती.

"कुठं निघालात?"

"दापोडीला. लग्न हाय."

"कुणाचं?"

साहेबरावांनी पिशवी पाठीमागे घेतली. "शालनच्या बहिणीचं."

प्रभावतीबाईंनी त्यांना फेटा मिळणार या हौसेने विंचरलेल्या केसांपासून चपलांपर्यंत एकदा न्याहाळलं आणि दारात आडवा हात धरला.

"पिशवी उघडा," त्या म्हणाल्या.