गगनवीराची भुवई

बारक्या ऑफिसातून घरी आला तेव्हा तात्या गॅलरीत शीळ घालत बसले होते, आणि खरं तर तिथेच त्याला शंका यायला हवी होती. कपबशांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून वडिलांनी शीळ सोडाच, धड तोंडही उघडलं नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी कपांवरची नक्षी तपासण्यात घालवलं. पाकळी वाकडी दिसली की पुसायची आणि बारीक ब्रशानं सरळ करायची. आता तपासायला काही उरलं नाही म्हणून ते भिंतीकडे बघत बसत, आणि बारक्याचा जीव तुटे.

बारक्या हे नाव बारशानंतर काही दिवस शोभलं असेल. आता तो दारातून आत येताना जरा तिरका होतो. विमा कंपनीत कारकुनी करायची आणि पगारातून उरेल त्याची खेळणी जमवायची, हा त्याचा संसार. खेळणी म्हटलेलं त्याला खपत नाही, 'फिगर्स' म्हणायचं. मुखवटेवाले, पंखवाले, तलवारवाले असे झाडून सगळे वीर काचेच्या कपाटात उभे. त्यांच्याशी खेळायचं नाही, नुसतं बघायचं.

त्यातला सगळ्यांत मानाचा गगनवीर. फिगर बनवणाऱ्या कंपनीत रंगवताना एका खेपेला त्याची डावी भुवई घसरली, आणि जगाचं रक्षण करणारा हा वीर गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखा दिसू लागला. कंपनीनं ती खेप मोडीत काढली. त्यातून निसटलेल्या थोडक्यांपैकी एक बारक्याकडे होता. रविवारी शौकीन मंडळी खास त्याच्या दर्शनाला येणार होती.

"जरा कपाटाकडे बघ," तात्या म्हणाले.

बारक्यानं बघितलं. गगनवीराच्या दोन्ही भुवया एका रेषेत होत्या आणि चेहऱ्यावर निर्धार होता. कुठल्याही दुकानात ढिगानं मिळणारे गगनवीर असेच दिसतात.

"तू माल बघून घेत नाहीस. भुवई पार कपाळात गेली होती. पुसून नवी काढली," तात्या सांगू लागले. मग स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "हात थरथरेल असं वाटलं होतं. नाही थरथरला रे."

हे शेवटचं वाक्य नसतं तर बारक्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. "छान झालंय, तात्या," एवढं म्हणून तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. हसू नये कुणी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणायचं आणि पुढे जायचं.

बायकोचं म्हणणं, सरळ सांगून टाकावं. पण शीळ तिनंही ऐकली होती, त्यामुळे तिचा आवाज चढला नाही. शेवटी बारक्यानं मंडळींच्या म्होरक्याला, म्हणजे दाताच्या डॉक्टरांना, फोन करून सगळं सांगितलं आणि हात जोडून विनवलं की तात्यांसमोर कुणी अवाक्षर काढू नये. डॉक्टरांनी सर्वांच्या वतीनं शब्द दिला.

मंडळींनी तो इतका पाळला की रविवारी घरात सुतकी कळा आली. तात्या दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. गगनवीर तळहातावर घेऊन ते एकेकापुढे गेले. गणिताच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. एक गृहस्थ खिडकीशी जाऊन उभे राहिले. डॉक्टर गगनवीराला वरून-खालून न्याहाळून म्हणाले, "फारच... सरळ आहे." चहाला कुणी थांबलं नाही.

"त्या बाई का रडल्या?" सगळे गेल्यावर तात्यांनी विचारलं.

"आनंदानं."

"तुला खोटं बोलता येत नाही, बारक्या. लहानपणीही येत नव्हतं. वाकडीच हवी होती का ती?"

बारक्यानं होकारार्थी मान हलवली. तात्यांची नजर भिंतीकडे वळली. भुवई गेली तर गेली, पण शीळ जायला नको होती. तेवढ्यात तात्या उठले, ब्रश घेऊन आले आणि म्हणाले, "जुना फोटो दाखव."

ते टेबलाशी बसले. भुवई पुसली, वाकडी काढायला गेले, सरळ आली. पुन्हा पुसली, पुन्हा सरळ. डोळे मिटून काढली, तर आधीपेक्षा सुबक आली. शेवटी त्यांनी हताश होऊन ब्रश बारक्यापुढे धरला. "चूक करायला हात वळत नाही माझा. तू काढ."

बारक्यानं घाबरत ब्रश टेकवला. तो घसरला आणि भुवई कपाळात गेली. तात्यांनी फोटो शेजारी धरून, चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिलं. तंतोतंत होती.

"वा," ते म्हणाले. "एका फटक्यात. मला सात जन्मांत जमली नसती अशी."

शौकिनांच्या लेखी गगनवीर आता कवडीमोल होता, हे बारक्याला ठाऊक होतं. पण वहीतल्या अक्षरापासून बुटाच्या गाठीपर्यंत त्याचं काहीच आजवर तात्यांच्या नजरेखालून पास झालं नव्हतं. त्याला पुन्हा नळ सोडावासा वाटला.

"रंग वाळेपर्यंत हात लावू नकोस," तात्या म्हणाले, आणि फुंकर घालता घालता त्यांची शीळ लागली.