अनामगड सर्वांस मोकळा केला त्याची हकिकत

श्रीशारदा अक्षरांची धनीण, तिचे चरणी मस्तक ठेवून आणि वाचणारांचे कल्याण चिंतून ही हकिकत लिहावयास घेतली. आपण पुसिले की अनामगडाचे राज्य कोणी उभारिले, धन्याने हयातीतच ते हातचे का सोडिले आणि पुढे गडाचे काय जाहले. त्यास जैसे पाहिले व ऐकिले तैसे लिहितो, आणि जेथे उमज पडला नाही तेथे उमज पडला नाही ऐसेच लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी या प्रकारास आरंभ जाहला.

प्रथम गड कसला ते सांगणे प्राप्त. हा गड दगडाचुन्याचा नव्हे. संगणकावरील शब्दांचा खेळ, त्याचे नाव अनामगड. त्यांत चित्र नाही, आवाज नाही, अक्षरेच अक्षरे. खेळणाराने घरबसल्या 'उत्तरेस जा' ऐसे लिहावे आणि यंत्राने 'तुम्ही दिंडी दरवाजाशी आलात, पहारेकरी पेंगतो आहे' ऐसे उत्तर द्यावे. मग खेळणाराने 'पहारेकऱ्यास उठव' लिहावे आणि पहारेकऱ्याने शिव्या द्याव्या. गांवोगांवची माणसे एकेच वेळी गडावर येत, एकमेकांशी लिहून बोलत, भांडत आणि पुन्हा येत. गडाचे धनी प्रल्हादराव हिंगमिरे, तंत्रनिकेतनांत विजेची विद्या शिकवून निवृत्त जाहलेले. त्यांची राजधानी म्हणजे सोसायटीतील दुसरे मजल्यावरचे घर आणि त्यांतील गॅलरीलगतची खोली. त्यांचे स्नेही दस्तगीर मुजावर, हायस्कुलांत मराठीचे मास्तर. तरुणपणी या उभयतांनी हौसेखातर गड रचिला; यंत्रास द्यावयाच्या आज्ञा, ज्यांस कोड म्हणतात, त्या प्रल्हादरावांनी लिहिल्या आणि गडावरील बुरूज, विहिरी, माणसे यांचे एकूण एक वर्णन मास्तरांनी लिहिले. नावावरून मात्र दोघांचे बिनसले, एकाचे नाव दुसऱ्यास रुचेना, आणि शेवटी नावच नको म्हणून अनामगड जाहला. मग कांही वर्षांनी मास्तर हृदयविकाराने अकस्मात वारले आणि राज्याचा भार एकट्या प्रल्हादरावांवर आला.

ऐसे चालिले असतां प्रल्हादरावांचे हातास कंपवात जडला. 'दरवाजा' लिहू जावे तो एकच अक्षर ओळभर उमटावे, आणि एक चूक सुधारू जातां दोन नव्या व्हाव्या. तेव्हां त्यांचे मनांत आले की आपण उद्या नसलो तर गडाचे दिवे विझतील आणि मास्तरांचा शब्दन् शब्द बुडेल. मग त्यांणी गडाचे सदरेवर, म्हणजे सर्वांनी जमावयाचे जागी, सर्व खेळणारांस बोलाविले आणि लिहिले की, "कोड आणि वर्णने, सगळे सर्वांस मोकळे करतो आहे. माझी मालकी सोडतो. ज्याला पाहिजे त्याने न्यावे, बदलावे, विकावे. माझे नाव सांगितले नाही तरी चालेल." सदरेची शिस्त पाहणाऱ्या लताबाई सोनटक्के, ज्या औषधांचे दुकान चालवीत आणि गिऱ्हाईक नसे तेव्हां गडाचा कारभार करीत, त्यांणी पुसिले, "सर, म्हणजे गड मला देताय का?" प्रल्हादराव म्हणाले, "नाही, सगळ्यांना." "सगळ्यांना म्हणजे आपल्या ग्रुपला?" "नाही. ज्यांना गड माहीतच नाही, त्यांनासुद्धा." "मग काही बदलायचं तर परवानगी कोणाची घ्यायची?" "कोणाचीच नाही." "असं कसं, सर? कोणाची तरी असेलच ना!" यावर प्रल्हादरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि लताबाई पुन्हा पहिल्यापासून गोंधळल्या. पंप दुरुस्त करणारे सदाशिव लोंढे यांणी हळूच पुसिले की, "सर कोणावर रागावलेत का?" कोणास वाटले गड विकला, कोणी अभिनंदन केले, कोणी रडून निरोप घेतला, आणि एकाने आपली खेळांतील तलवार विहिरींत लपवून ठेविली. सदर उठली तेव्हां बोलाविण्यापूर्वी होता त्याहून अधिक घोळ जाहला होता.

मग धन्यांनी मसलतीस वकील अनुराधाबाई खोचे यांस गाठिले. त्यांणी ऐकून घेतले आणि एवढेच पुसिले की, "कोड तुमचा. वर्णनं कोणाची?" प्रल्हादराव बोलिले, "दस्तगीरची. पण आमचं सगळं एकच होतं." वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या मनात एकच असेल. पण ते शब्द आता त्यांच्या वारसांचे. तुमचं तुम्ही सोडू शकता. दुसऱ्याचं कसं सोडणार?" हे ऐकून प्रल्हादराव खुर्चीत बसले ते उठेनात. इतकी वर्षे एका ताटांत जेविल्याप्रमाणे काम केले, त्यांत माझा घास कोणता आणि त्याचा कोणता हा विचार कधी शिवला नव्हता.

मास्तरांच्या पत्नी मेहरुन्निसा, त्याच त्यांच्या वारस, नदीपलीकडचे गावी शिवणाचा वर्ग चालवीत. प्रल्हादराव त्यांस वहिनी म्हणत. त्यांचे घरी बसने जाऊन प्रल्हादरावांनी सर्व प्रकार निवेदन केला, तों वहिनी चकित जाहल्या. म्हणाल्या, "भावजी, मी समजत होते तुम्ही दोघं बुद्धिबळ खेळता. एवढं काय लिहीत होते ते?" मग सोबत आणिलेला लॅपटॉप उघडिला, आणि प्रल्हादरावांचे बोट स्थिर राहीना म्हणून वहिनीच ते सांगतील तैसे लिहू लागल्या, आणि फिरत फिरत गडाच्या मुदपाकखान्यांत, म्हणजे राजाचे स्वयंपाकघरांत येऊन ठेपल्या. तेथे मास्तरांनी लिहून ठेविले होते: 'मुदपाकखाना लहान आहे. वर पत्रा. पाऊस आला की बोललेले ऐकू येत नाही. डाव्या हातास चूल. भिंतीला निळा रंग, तोही अर्धाच, कारण रंग संपला. एक बाई पाठमोरी बसून भाकरी थापते आहे. ती वळत नाही. कोण आले ते तिला माहीत आहे.' वहिनींनी ते वाचिले, पुन्हा वाचिले, आणि पदर तोंडास लाविला. मग म्हणाल्या, "ही आमची खोली. लग्नानंतरची. आणि रंग संपला नव्हता हो. वासानं माझं डोकं दुखायला लागलं म्हणून मीच म्हटलं, पुरे." गडावरील त्या खोलीत प्रल्हादरावांनी इतकी वर्षे येजा केली, पण ती कोणाची म्हणून कधी पुसिले नव्हते.

मग वहिनी बोलिल्या, "हे सगळ्यांना देणार तुम्ही?" प्रल्हादराव म्हणाले, "तुम्ही हो म्हणालात तर." "आणि कोणी या बाईला काढून टाकलं तर?" "त्याच्या प्रतीतून जाईल ती. आपल्या प्रतीत राहील." "मग खरी कोणती?" "दोन्ही." "दोन्ही कशा खऱ्या असतील, भावजी? मी तर एकच आहे." वहिनी कांही वेळ शिलाई यंत्राचे चाक हातांनी उगाच फिरवीत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळा गड द्या. एवढी खोली तेवढी कोणी हलवू नये. एकच अट." प्रल्हादराव कष्टी होऊन बोलिले, "वहिनी, एक अट घातली की ते मोकळं राहत नाही." "मग नाही म्हणते मी." ऐसे बोलून त्यांणी चहा टाकिला, आणि तो घेऊन प्रल्हादराव रिकाम्या हाती परतले.

पुढे मसलत पडली. लताबाई म्हणाल्या की तेवढी खोली काढून टाकावी आणि बाकीचे मोकळे करावे. प्रल्हादराव म्हणाले की बाकीची वर्णने तरी कोठे माझी आहेत. त्यांस वहिनींची हरकत नाही इतकेच. तरी दुसरा उपाय दिसेना म्हणून खोली पुसावयास बसले, पण बोट त्या ओळीपाशी आले की थरथर दुप्पट व्हावी, आणि ती कंपवाताची की मनाची हे त्यांसही कळेना. एके दिवशी खोली पुसून टाकावयाचे ठरवीत, दुसरे दिवशी काहीच न करावयाचे ठरवीत, तिसरे दिवशी लताबाईंस फोन करून काल काय ठरले होते ते विचारीत. राज्याचा कारभार असा अधांतरी लोंबकळत राहिला.

तों एके दुपारी मेहरुन्निसा वहिनी न कळविता एसटीने आल्या आणि दारांतच म्हणाल्या, "मला तो गड बघायचाय. सगळा." त्यांस यंत्रापुढे बसविले. त्यांणी बुरूज पाहिले, विहिरीत पडल्या, वर आल्या, पहारेकऱ्याची शिवी खाल्ली आणि खळखळून हसल्या, म्हणाल्या, "हे त्यांचंच बोलणं. वर्गात शिवी नव्हती देता येत, इथं दिलीय." मग आपले मनाने वाट काढीत मुदपाकखान्यांत गेल्या, तों तेथे माणसे बसली होती. सदर एवढी मोठी, परंतु गडावरचे लोक बसावयास येत ते त्या लहान खोलीत; ही रीत वहिनींस ठाऊक नव्हती. त्यांणी एक एक अक्षर शोधून लिहिले, 'तुम्ही इथे काय करता?' सदाशिव लोंढे तेथे होते. त्यांणी उत्तर लिहिले, 'जेवणाची सुट्टी झाली की इथंच येतो. बायको गेली तेव्हापासून एकट्यानं डबा खाणं जिवावर येतं. इथं कोणीतरी भाकरी करतंय असं वाटतं.' वहिनींनी लिहिले, 'ती बाई कोण ते माहीत आहे?' लोंढे म्हणाले, 'नाही. पण आलो की नमस्कार करतो. ती वळत नाही. म्हणजे आपण घरचेच, असं मी धरून चालतो. तुम्ही कोण?' वहिनींनी लिहिले, 'पाहुणी.'

नंतर खुर्ची वळवून त्या प्रल्हादरावांस म्हणाल्या, "भावजी, मला वाटत होतं माझी खोली तुम्ही लोकांना देताय. लोक तर केव्हाच राहायला आलेत. मी आता त्यांना उठा म्हणू?" मग आपणच बोलिल्या, "तसं नाही म्हणणार मी. देऊन टाका. अट नको." आणि डोळे पुसून किंचित रागाने म्हणाल्या, "पण चूल उजव्या हाताला होती. यांनी एकदा तरी भाकरी केली असती तर कळलं असतं." प्रल्हादरावांनी पुसिले, "बदलायचं का?" "नको. त्यांना डावीकडे दिसली ना, तशीच जाऊ दे."

मग वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे प्रल्हादराव व वहिनी उभयतांनी लिहून दिले की हे काम प्रल्हादराव व मास्तर या दोघांचे, त्यांतील मास्तर हयात नाहीत. कोणाचाही यावर हक्क ठेविलेला नाही. कोणास पुसण्याची गरज नाही. आणि सर्व कोड, वर्णनांसुद्धा, महाजालावर जेथून कोणीही उचलावा ऐसे जागी ठेविला. प्रल्हादरावांस वाटले आता मोठी धामधूम होईल, परंतु कांहीच जाहले नाही. कोणी फिरकले नाही. ते लताबाईंस फोन करून पुसत, "कोणी नेला का?" आणि लताबाई म्हणत, "सर, फुकट आहे म्हणून लोकांना संशय येतोय." मग हळूहळू लोक नेऊ लागले आणि तेव्हां खरी भांबावून जाण्याची पाळी आली. कोणी गड उचलून समुद्रांत ठेविला आणि भरतीला दिंडी दरवाजा बुडू लागला. कोणी सर्व पहारेकरी वऱ्हाडी बोलते केले. कोणी गडावर वाहतुकीचे नियम शिकविण्याची शाळा घातली. एकाने कर्ता म्हणून आपलेच नाव घातले, तेव्हां लताबाई संतापून म्हणाल्या, "सर, ही उघड चोरी आहे!" प्रल्हादराव बोलिले, "चोरी कशी? मोकळं आहे ते." "तुम्हाला राग येत नाही?" "येतो ना. पण हक्क नाही आता." आणि एका प्रतीत ती पाठमोरी बाई कोणी वळविली. हे वहिनींस सांगावे की न सांगावे यावर पुष्कळ खल जाहला, आणि शेवटी लोंढ्यांनी भीत भीत फोनवर सांगितले. वहिनींनी पुसिले, "वळली? मग काय म्हणाली?" लोंढे म्हणाले, "म्हणाली, हात धुऊन बसा." वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे. तेच म्हणाली असती."

याउपरि एके दिवशी प्रल्हादराव एका अनोळखी माणसाच्या प्रतीत शिरले. कोणी केली, कोठून केली, कांही ठाऊक नाही. आपलाच गड म्हणून निर्धास्त उत्तरेस गेले तो तेथे बाग लागली. पूर्वेस गेले तो जिना लागला, तो आपण कधी बांधिला नव्हता. परत फिरले तर आलेली वाटच सापडेना. ज्या गडाची वीट न् वीट स्वहस्ते रचिली त्यांत धनी वाट चुकले. बोटे कांपत होती, तरी नेटाने त्यांणी 'मदत' ऐसे लिहिले. कांही वेळाने कोणी एक खेळणारा तेथे आला, ज्याचे नाव गाव त्यांस माहीत नव्हते, आणि त्याने लिहिले, 'नवीन आहात का?' लताबाई शेजारी होत्या, त्या सांगतात की सरांच्या तोंडावर हसू होते की रडू ते ओळखू येईना. मग प्रल्हादरावांनी लिहिले, 'होय. आजच आलो.' तो म्हणाला, 'घाबरू नका, माझ्या मागे या.' आणि ते त्याच्या मागे गेले.

ऐसा अनामगड मोकळा जाहला. सांप्रत धनी कोण हे कोणास सांगता येत नाही, पुसणाऱ्यांस समजाविता येत नाही, आणि या लिहिणारासही पुरते समजले नाही. परंतु गडावर दिवे आहेत आणि माणसे येतात, इतके खरे. जितके ठाऊक तितके लिहिले. लेखणी खाली ठेविली.