फाटक सरांचं निर्भेळ सरबत

"बी. ए. होऊन सगळ्यांनी मुंबईच्या बोटीत चढायचं, हे बंद झालं पाहिजे! इथेच धंदे काढा!" फाटक सरांनी प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटली, आणि कॉलेजात विद्यार्थी उद्योग मंडळ स्थापन झालं!

फाटक सर पुण्याचे. मालवणकडे नवं आर्ट्स कॉलेज निघालं तेव्हा तर्कशास्त्र शिकवायला आलेले. धंद्याचा अनुभव शून्य, उत्साह मात्र भरतीच्या समुद्रासारखा!

पहिला माल सुगंधा या विद्यार्थिनीने सुचवला. काजूच्या बोंडांचं सरबत! तिचे वडील धोंडू गावडे यांच्या बागेत बिया काढल्या की बोंडं नुसती कुजत पडायची. मुलीबद्दल धोंडूंचं म्हणणं ठाम होतं, "कॉलेजात जावन चेडू काय दिवे लावतलां? परीक्षा झाली की घराक!" सरबत चाललं तर बाबा ऐकतील, या एकाच आशेवर सुगंधाने मुलांना जमवून रस पिळला, साखर घातली, बरण्या भरल्या.

उद्घाटनाला येणार होते दारूबंदी प्रचार समितीचे अध्यक्ष, भाई सामंत. पण त्यांची मोटार फोंडाघाटात बंद पडली आणि समारंभ गेला शिमग्याच्या सुटीपलीकडे! मुलं पालखी नाचवायला आपापल्या गावी पळाली. बरण्या राहिल्या एका वर्गात, फाटक सरांच्या हवाली.

सर रोज चव बघत. आंबट लागलं की साखर ओतत. पुढे बरण्यांत बुडबुडे आले. सर हरखलेच! "वा! मशीनशिवाय सोडा!" दिवसेंदिवस चव बघायचा हुरूपही वाढत गेला. एका संध्याकाळी तर त्यांनी रिकाम्या बाकांना तासभर शिकवलं आणि इतका शिस्तीचा वर्ग जन्मात मिळाला नव्हता, असं घरी येऊन बायकोला सांगितलं!

समारंभाच्या दिवशी मंडप गच्च भरला. बंदोबस्ताचे फौजदार कडेला उन्हात बसले. सुगंधाने बरणी उघडली आणि ती मागेच सरकली.

"सर, ह्याका वास येता!" घाबरून ती मालवणीवर आली.

"वास नव्हे, सुवास म्हणावं!" सरांनी पेले भरून व्यासपीठावर धाडलेसुद्धा!

भाई सामंतांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, मद्य हा समाजाचा शत्रू आहे!" एक पेला रिकामा. "आहाहा! याला म्हणतात निर्भेळ पेय!"

दुसरा पेला. "शत्रू आहे... पण तसा मनाने वाईट नाही."

तिसऱ्या पेल्याला भाषणातली प्रमाण मराठी संपली. "माका आणखी एक दी गो बाय! आणि त्या फौजदाराक पण दी! बिचारो कवापासून उन्हात बसलो आसा!"

फौजदारांना आग्रहाची गरज नव्हती. ते शिट्टीवर ताल धरून बसले होते. भाई खुर्चीवर चढून दशावतारातल्या राजासारखे गरगर फिरले. कधी न हसणारे प्राचार्य फुलदाणी कवटाळून हसत होते!

एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, ह्यां सरबत चढता!"

फौजदार कसेबसे उभे राहिले. "पंचनामो! पंच व्हये!"

अख्खा मंडप उठला! "मी पंच! मी पंच! माका चव बघूंदे!" पंचनामा इतका मन लावून झाला की बरण्या कोरड्या पडल्या. पुरावाच उरला नाही, मग गुन्हा कसला?

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी, कपाळाला ओला रुमाल बांधून, मंडळ बरखास्त केलं. फाटक सर व्हरांड्यात मान खाली घालून बसले. शेजारी सुगंधा रडवेली. तेवढ्यात धोंडू आले. सुगंधा सरांच्या मागे सरकली!

"सर," धोंडू म्हणाले, "चेडवाक मी काढूचंय नाय. जितक्या शिकात, तितक्या शिकूंदे."

सुगंधा उडालीच! सरांची मान वर आली. काही झालं तरी शिक्षणाचं महत्त्व एका बापाला पटलं होतं.

"माझ्या धाकट्या भावाक पण कॉलेजात घेशात काय?"

"अवश्य!" सर ताडकन उठले. "किती शिकलाय?"

"शिकाक नाय ओ तो." धोंडूंनी इकडेतिकडे बघत आवाज उतरवला. "रानात हातभट्टी आसा तेची. तेका जरा तुमचां मार्गदर्शन व्हयां!"