चौबळकाकांची कोथिंबीर

चौबळकाका सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या वाण्याकडे गेले की कोथिंबिरीची जुडी सगळ्यात शेवटी उचलतात, आणि उचलताना 'क्वार्टरबॅक' असं म्हणतात. हळू आवाजात, पण म्हणतात. काउंटरवरच्या नेपाळी मुलीला आता सवय झाली आहे. ती जुडी स्कॅन करते आणि 'नो वरीज, अंकल' म्हणते.

काका आमचे शेजारी. मधे फक्त एक कुंपण. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे माणसांचं नक्की काय बिघडलंय हे ओळखायची मला खोड आहे. काकांचं 'क्वार्टरबॅक' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला, मंदारला, सांगितलं की काकांचा एखादा स्क्रू ढिला झालाय, लक्ष ठेवायला हवं. लक्ष ठेवता ठेवता मीच त्या नादाला लागले, ती गोष्ट वेगळी.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगते, घाबरू नका. अमेरिकेत ते अंडाकृती चेंडूचं फुटबॉल खेळतात ना, त्याचा हा काल्पनिक खेळ. आपण दहा जणांनी एकत्र बसायचं आणि तिकडच्या खऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक उचलत आपापला संघ बनवायचा. एकाने उचलला की तो खेळाडू बाकीच्यांना मिळत नाही. मग वर्षभर तो खरा खेळाडू खऱ्या मैदानात जसा खेळेल तसे आपल्याला गुण. आपण सोफ्यावर. या खेळाडूंतला नवरदेव म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचं काम त्याचं, जाहिराती त्याच्या, सगळा थाट त्याचा. त्यामुळे नवखी माणसं पहिल्याच फेरीत त्याच्यावर झडप घालतात, आणि इथेच चुकतात, असं काकांचं म्हणणं.

मला त्यांनी हे कुंपणावरून समजावलं होतं. काका सीकेपी, त्यामुळे त्यांना काहीही समजावताना मासळीबाजारात जावंच लागतं. "हे बघ, क्वार्टरबॅक म्हणजे कोथिंबीर. प्रत्येकाला एकच जुडी लागते आणि बाजारात ढीग पडलेला असतो. चेंडू घेऊन पळणारे गडी म्हणजे पापलेट. सकाळी गेलीस तर मिळेल, नाहीतर नुसता बर्फ बघून परत ये. मग आधी काय घेशील?"

मी म्हटलं, पापलेट.

"झालं तर. क्वार्टरबॅक शेवटी."

एवढं बोलून ते गवतात चरणाऱ्या कॉकटू पोपटांकडे बघत राहिले. काकांशी बोलताना हे असं होतं. माणूस समोर असतो आणि नसतो. निवृत्त होईपर्यंत ते कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पावसाच्या पाण्याची गटारं आखायचे, आणि पाणी आपल्या वाटेने आपण येतं, त्याच्यामागे धावायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलंय. अजूनही दुपारभर मागच्या व्हरांड्यात बसून ढग बघतात. परवा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज कुंपणावरून येतं, तेही मी कपडे वाळत घालत असताना, आणि तोवर मी प्रश्न विसरलेली असते.

क्वार्टरबॅकचा हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला. 'थांब जरा, जात नाही कुठे' हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. सिग्नल हिरवा झाला तरी ते क्षणभर थांबतात. मंदारने कुंपण रंगवायला काढलं तेव्हा काका म्हणाले, थांब, ऊन उतरू दे. ऊन उतरलं तर म्हणाले, थांब, जरा कोरडी हवा येऊ दे. मंदारला तेवढंच हवं होतं. कुंपण अजून तसंच आहे आणि ब्रश कधीच कडक झाला.

बरं, नियम खोटा म्हणावा तर तसंही नाही. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसताना मी काकांचं ऐकून पहिल्याच वर्षी जिंकले. काकांनी सांगितलेलं ऐकून त्यांच्या ऑफिसातला जुना मित्र क्रेग जिंकला. टायरच्या दुकानाचा मालक बलजीतसुद्धा एकदा जिंकला आणि वर्षभर त्याने ते सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं. हरायचे ते फक्त काका. कारण शेवटच्या फेरीत ते जो क्वार्टरबॅक उचलायचे तो दरवर्षी एकाच शहराचा असायचा, आणि दरवर्षी टाकाऊ असायचा. शहराचं नाव मी सांगत नाही, तिथल्या लोकांनी त्या संघापायी आधीच पुष्कळ सोसलंय. एक मोठं तळं आहे तिथे आणि हाडं गोठवणारी थंडी. काका मात्र त्या पडेल क्वार्टरबॅकला 'आपला पोरगा' म्हणायचे. मला वाटायचं, शिकवतो त्याला स्वतःला जमत नाही, असतात अशी माणसं.

मग दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी वाऱ्याने त्यांचा कचऱ्याचा बिन रस्त्यात आडवा झाला होता, तो आत लावायला म्हणून मी गेले. तिकडचा रविवार आपल्याकडे सोमवारी सकाळी उजाडतो. काका टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद. दारातला जॅकरँडा एवढा फुलला होता की खोलीत सगळा जांभळा उजेड, आणि टीव्हीत धो धो बर्फ. त्या बर्फात आपला पोरगा पुन्हा पुन्हा आपटत होता. मी म्हटलं, अरेरे, पडला बिचारा. काकांनी ऐकलंच नाही. ते चेंडूकडे बघतच नव्हते.

जाहिराती लागायच्या आधी विमानातून घेतलेलं शहराचं दृश्य दाखवतात. ते आलं तसे काका उठले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तळं, एक पूल, पुलाजवळ घड्याळाचा मनोरा, सगळं पांढरं. "मनोऱ्याच्या मागे ही दुसरी गल्ली आहे ना, तिथे इरा राहते. आज तिला गाडी काढता यायची नाही."

इरा त्यांची एकुलती एक. याच कुंपणापलीकडे वाढली. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्लिशमध्ये सांगायचं, कधी कोणाचं काही अडलं नाही. ही आमची दहा जणांची लीगही तिनेच सुरू केली. शिकायला अमेरिकेला जाण्यापूर्वी गॅरेजमध्ये सगळ्यांना जमवून म्हणाली होती, बाबा एकटेच ढग बघत बसतात, त्यांना माणसं हवीत. अजूनही लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती आहे, पण तिथे काही बोलत नाही.

शुभाकाकू, म्हणजे इराची आई, आजारी पडल्या तेव्हा लेकीची शेवटची परीक्षा तोंडावर होती. काकांनी तिला कळवलं नाही. परीक्षा होऊ दे, म्हणाले. परीक्षा झाली तर म्हणाले, पुढचा रिपोर्ट येऊ दे, बरा असेल तर उगाच कशाला घाबरवायचं तिला. मीच लॅबवाली, मला रिपोर्ट कळत होते, मी दोनदा सांगितलं. थांब जरा, म्हणाले. शेवटी फोन केला आणि इरा मिळेल त्या विमानाने निघाली, पण ती पोचेपर्यंत काकू गेल्या होत्या. दारात बॅग तशीच धरून ती फक्त एवढं म्हणाली, "बाबा, यू वेटेड." मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो चहा कोणीच घेतला नाही.

त्यानंतर दोघांचं बोलणंच खुंटलं. भांडण नाही, काही नाही. फोनवर काकूंचा विषय जवळ आला की दोघंही गप्प व्हायची, आणि मग ओके बाबा, बाय. बोलता यायचं ते फक्त त्या टाकाऊ पोराबद्दल. सोमवारी सामना संपला की काका लिहायचे, आपला पोरगा आज बर्फात चारी मुंड्या चीत. तिकडून यायचं, होपलेस, बाबा. बस, एवढंच. त्यावर काकांचा आठवडा निघायचा.

मी म्हटलं, अहो, मग त्याला संघात कशाला घेता, नुसतं बघून लिहा ना. काका नेहमीसारखे दुसऱ्या दिवशी बोलतील असं मला वाटलं, पण लगेच म्हणाले, "दुसऱ्याच्या संघातल्या पोराची चौकशी मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने करू?" मग बिन आत आणल्याबद्दल त्यांनी मला दुसऱ्यांदा थँक्यू म्हटलं. मी घरी आले.

म्हणजे त्या सगळ्या नियमामागे हे होतं. तो पोरगा कोणालाच नको असायचा, म्हणून शेवटपर्यंत थांबायला भीती नव्हती. पण गेल्या वर्षी त्या संघाने एक नवा कोवळा पोरगा आणला. काकांनी सवयीने शेवटच्या फेरीत उचलला आणि तो निघाला हिरा. काका आयुष्यात पहिल्यांदा जिंकायला आले, आणि प्रत्येक विजयाबरोबर त्यांचा चेहरा उतरत गेला. कारण दरवर्षी सगळे खेळाडू परत मोकळे होतात आणि सगळी निवड नव्याने होते. आता तो पोरगा सगळ्यांना हवा होता. बलजीतने तर टायर बदलता बदलता जाहीर केलं होतं, "इस बार पहली बारी में उसी को उठाऊँगा, चाचा का नियम गया तेल लेने."

यंदाची निवड सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी झाली, नेहमीप्रमाणे काकांच्या गॅरेजमध्ये. बाहेर वॉटलचं झाड फुललेलं, त्याची पिवळी पूड गाड्यांवर, खुर्च्यांवर, बलजीतच्या पगडीवरही. आत सॉसेजचा वास. कोणाची पाळी कधी ते ठरवायच्या चिठ्ठ्या काकूंच्या स्टीलच्या डब्यात. काकांनी चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. पहिला नंबर त्यांचा होता. दुसरा बलजीतचा.

बलजीत हात चोळायला लागला. बरोबरच आहे, काकांनी पहिल्या पाळीला क्वार्टरबॅक घेणं म्हणजे आमच्या मंदारने कुंपण रंगवणं. काका भिंतीवरच्या बोर्डापुढे उभे राहिले. खेळाडूंच्या नावांच्या पट्ट्या हातात, नजर दाराबाहेर, जिथे वॉटलची पूड उन्हात तरंगत होती. आता हे ढगात गेले, असं मला वाटलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझं काय काम होतं त्यात. मग काकांनी हळूच एक पट्टी काढली आणि बोर्डावर सगळ्यात वर लावली. आपला पोरगा.

गॅरेजमध्ये एकच हशा पिकला. बलजीत डोक्याला हात लावून म्हणाला, "चाचा, धनिया तो आख़िर में लेते हैं ना?"

"हो रे," काका म्हणाले, "पण यंदा थांबायचं नाही, असं ठरवलंय मी."

क्रेगने बोर्डाचा आणि काकांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, जगबुडी जवळ आली आहे, मेट्स. तिसऱ्या फेरीत काकांनी नुकतीच पट्टी लावली होती, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. काका फोन कानाला लावत नाहीत, आरशासारखा समोर धरतात आणि स्पीकर चालू ठेवतात. ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली गेले, पण गॅरेजचं दार सताड उघडं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, फर्स्ट राउंड? तुम्ही?"

"हो गं."

"यू डिडन्ट वेट."

"नाही. थांबलो असतो तर गेला असता." काका उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. "एकदा थांबून बघितलंय मी, इरा. चुकलं माझं."

मला वाटलं, झालं, आता ओके बाबा, बाय. पण फोन कोणीच ठेवला नाही. आम्ही नऊ जण गॅरेजमध्ये पट्ट्या हातात घेऊन थांबलो होतो. पाळी बलजीतची होती, पण त्याने क्रेगला खूण करून सॉसेजखालचा गॅस बारीक करायला लावला.

मग इरा मराठीत बोलली. कित्येक वर्षांत मी तिचं मराठी ऐकलं नव्हतं. शब्द अडखळत येत होते.

"बाबा, मी आईची कोलंबीची खिचडी करतेय. खूप वेळा केली. पण तशी होत नाही. कोथिंबीर कधी टाकायची असते?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. वॉटलच्या पुडीने तो आणखीच पिवळा झाला, आणि तसाच त्यांनी परत डोळ्यांवर चढवला.

"शेवटी गं," ते म्हणाले. "कोथिंबीर शेवटी. गॅस बंद करायची ती, आणि मग म्हणायची, इरा, ये जेवायला, आणि मग घालायची."