पुढच्या चाकाच्या आवाजाला मंजुरी

गाडीतला बिघाड सगळ्यात आधी बाईला ऐकू येतो, आणि म्हणूनच तो बिघाड नसतो. या नियमाला अमरावती-अकोला पट्ट्यात अद्याप अपवाद सापडलेला नाही.

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून चिर्र चिर्र आवाज येऊ लागला. वेग वीसच्या आत असला की यायचा, वाढला की गायब. ब्रेक दाबला की खर्र. रविवारी घाटातून सेमाडोहला जायचं होतं. मागच्या सीटवर मी आणि दोन वर्षांची लेक. म्हणून मी रीतसर घरात निवेदन केलं.

आमच्याकडची व्यवस्था चोख आहे. आवाज आधी नवऱ्याने ऐकायचा, मग सासऱ्यांनी, आणि मतभेद झालाच तर तेल्हाऱ्याच्या दिरांनी (अकरा वर्षं ट्रॅक्टर चालवला, सबब कारचे तज्ज्ञ). पाच दिवसांत मी चौतीस आवाज मोजले. त्यांपैकी एकोणतीस वेळा गाडीत एखादा जबाबदार पुरुष हजर होता. दखल घेतलेले आवाज: शून्य.

"मले तं काही आयकू येत नाही," सासरे खुशालराव म्हणाले. "लेकरू झाल्यापासून तुले सगळीकूनच आवाज येते."

(हे खरं आहे. लेक झोपेत खोकली तरी मी उठून बसते. पण तेव्हा लेक खोकलेली असतेच.)

दिरांना, म्हणजे सहदेवभाऊजींना, मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यांनी तो शेतात, चालू मळणीयंत्राशेजारी उभं राहून ऐकला. "वयनी, एकदम ओके आहे. बिनधास्त जा!"

तोडगा अखेर नवऱ्यानेच काढला. "हळू चालवलं की आवाज येते ना?" कुंदन म्हणाले. "मंग हळू चालवाचंच काहून?"

यात खोट काढणं मला तरी जमलं नाही. दुसऱ्या दिवसापासून राजापेठेच्या भर बाजारातून आम्ही चाळीसच्या वेगाने जाऊ लागलो. चाकाचा आवाज थांबला, लोकांचे सुरू झाले (एका भाजीवाल्या बाईंचे शब्द इथे देता येत नाहीत).

शनिवारी कुंदन ऑफिसला गेल्यावर मी गाडी कुर्बानभाईंच्या गॅरेजवर नेली. चाकाकडे बघण्याआधी त्यांनी विचारलं, "भाभी, साहेब काय म्हंतात?"

"आवाज नाही म्हणतात."

"मंग काहून आणली?"

मी त्यांना शेजारी बसवलं, काच खाली केली आणि गॅरेजमागच्या लांब कंपाउंड भिंतीला लागून गाडी अगदी हळू नेली. भिंत आवाज आहे तसा परत करते. तिला साहेबांना विचारावं लागत नाही. अर्ध्या भिंतीपर्यंत पोचताच कुर्बानभाईंनी डोकं खिडकीबाहेर काढलं. मग म्हणाले, "थांबवा."

चाक उतरवलं. ब्रेक पॅड संपलेलं, लोखंडावर लोखंड घासून डिस्कला खोल चरे पडलेले.

"उद्या सेमाडोह?" ते म्हणाले. "या ब्रेकवर? लेकराले घेऊन?"

मी गाडीची चावी त्यांच्या हातात ठेवली.

संध्याकाळी कुंदन म्हणाले, "ब्रेकच असतीन, मले वाटतच होतं." सासऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तेल्हाऱ्याहून फोन आला की रेकॉर्डिंगमध्ये तर स्वच्छच कळत होतं. अशा रीतीने आवाज एकमताने मंजूर झाला. (मूळ निवेदन कोणाचं, हे कोणाला आठवलं नाही.)

घरच्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. घरचे म्हणून त्यांना निदान सोडून देता येतं. पण तुम्ही? कुर्बानभाईंनी चाक उतरवेपर्यंत, 'ही बाई जरा जास्तच घाबरते' असंच तुम्हालाही वाटत होतं ना?