फायनल आणि मागचं दार

फायनलच्या दिवशी सासूबाईंना मागच्या दाराने बाहेर काढायचं, हे मी ठरवलं. त्यांनी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात या गोष्टीचं श्रेय आणि खापर बरंच इकडून तिकडे फिरलं.

आमच्या घरी फुटबॉलची मॅच बघत नाहीत, पार पाडतात. आपल्या टीमचा गोल होताना जो जिथे असेल, ती त्याची कायमची जागा. सासरे, म्हणजे बाबा, खिडकीजवळच्या खुर्चीत. माझा नवरा जमिनीवर, एकाच पायात मोजा घालून. (त्या दिवशी दुसरा सापडत नव्हता. आता सापडला आहे, पण घालायची परवानगी नाही.) लग्नानंतर आठव्या दिवशी मी पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि गोल झाला. बाबांनी वळून माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं, की तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. "सूनबाई, आता हलायचं नाही," म्हणाले. तेव्हापासून मी उंबऱ्यावर.

सासूबाईंची जागा स्वयंपाकघरात. त्या टीव्हीसमोर आल्या की टीम हरते, असं तीस वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे. त्या आत असल्याची खात्री बाबा दर दहा मिनिटांनी करून घेतात. "अगं, आहेस ना?" त्या उत्तर देत नाहीत. पक्कड पातेल्यावर दोनदा आपटतात.

शुक्रवारी त्यांनी पेपरातली चार ओळींची बातमी माझ्यापुढे सरकवली. त्यांच्या माहेरच्या गल्लीतलं आइसक्रीमचं दुकान रविवारी संध्याकाळी सातला कायमचं बंद होणार होतं. निकालाच्या दिवशी त्यांचे वडील त्यांना तिथे न्यायचे. उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात गुलाबी आइसक्रीम, वर दोन वेफर.

"एक वर्ष नापास झाले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हाही नेलं. त्या दिवशी तीन वेफर."

"मग जाऊन या ना, आई."

"रविवारी पाचला फायनल आहे."

"बाबांना विचारू या."

"ते म्हणतील, सोमवारी जा." एवढं बोलून त्या कणीक मळायला लागल्या.

मी मुळात कमी बोलते. त्यामुळे मी विचार करते आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. सासूबाई मॅच बघत नाहीत, त्या नुसत्या वाजतात. वाजायला काय, मीही वाजेन. शिवाय बाबा खुर्ची सोडून आत डोकावणार नाहीत. तो त्यांचाच नियम.

रविवारी पाचला पाच कमी असताना सासूबाई ठेवणीतली साडी नेसून मागच्या जिन्याने उतरल्या. मी एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि पाठीमागे नेलेल्या हातात पक्कड घेतली, पातेलं हाताशी ठेवलं.

"अगं, आहेस ना?"

टण टण.

पहिल्या अर्ध्या तासात आपला गोल झाला. बाबा खुशीत आले. खुशीत आले की त्यांना बोलायला सुचतं.

"चहात साखर जरा जास्त घाल."

टण टण.

"ते जुनं कपाट काढून टाकू या म्हणतो."

टण टण.

"तुझ्या बहिणीला पुढच्या महिन्यात ये म्हणावं, या महिन्यात नको."

माझा हात क्षणभर थबकला. पण टण टण.

बाबांनी टीव्हीवरची नजर काढली. "आज ही सगळ्याला हो म्हणतेय. बरी आहे ना?"

"आई खुशीत असेल," नवरा म्हणाला.

"तीस वर्षांत ती खुशीत कधी नव्हती?"

इथवर सगळं ठीक होतं. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि गॅसवरचं दूध वर आलं. मी उंबऱ्यावरून हात लांब केला, पुरला नाही. मग पाय उचलला. फक्त एकच पाय. गॅस बंद करून वळते तोच बाहेर शांतता पसरलेली. समोरच्या टीमचा गोल.

"सूनबाई," बाबा हळूच म्हणाले, "तुम्ही हललात?"

(रागावल्यावर ते मला अहोजाहो करतात.)

बरोबरी झाली, जादा वेळही तसाच गेला आणि पेनल्टीची वेळ आली. मी पुतळ्यासारखी उभी. साडेसात वाजले होते. शेवटची किक आपल्या गोलकीपरने अडवली, नवरा उडाला, बाबांनी डोळे पुसले. आणि पुढच्या दाराची कडी वाजली. दारात सासूबाई. मागच्या दाराने परत यायचं त्या आनंदात विसरल्या होत्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात माझ्यासाठी आणलेला ठिबकणारा डबा.

"तू आत होतीस ना?" बाबा.

"मी पाचपासून बाहेर आहे. आइसक्रीम खायला गेले होते."

बाबांनी माझ्या हातातल्या पकडीकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. खाली बसले. चेहरा इतका गंभीर झाला, की आता ते सासूबाईंची माफी मागणार असं मला वाटलं.

"म्हणजे तीस वर्षं," ते म्हणाले, "हिला आपण चुकीच्या जागी ठेवलं."

सासूबाईंनी पर्स खाली ठेवली. बहुधा त्यांनाही ते माफीसारखंच वाटलं.

निर्णय तिथल्या तिथे झाला. यापुढे प्रत्येक मॅचला त्यांनी घराबाहेर असायचं. त्यांनी वहीत ठिकाणं लिहून काढली: तलाव, प्राणिसंग्रहालय, चुलतबहिणीचं घर, नवी बेकरी. मोसमात अडतीस मॅच असतात, त्यांची यादी चाळीसवर गेली.

नव्या मोसमाच्या पहिल्या मॅचला त्या तयार होऊन निघाल्या. मीही चपला घातल्या.

"आई, मी येते तुमच्याबरोबर."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. किती मायेने! मग माझे खांदे धरले आणि मला वळवून उंबऱ्यावर उभं केलं.

"वेडी का गं तू?" त्या म्हणाल्या. "तू हललीस की गोल खातो आपण. मग मला कोण जाऊ देईल?"